जग्वारच्या यशाचे श्रेय कोणाचे?

१/५
२ जून २००८ रोजी टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर या ब्रिटिश कंपन्या फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना घेतल्या. जग्वार देखणी, पण वारंवार बिघडणारी अशी तिची जुनी ख्याती होती. मात्र मार्च २००९ मध्ये जे. डी. पॉवरच्या अमेरिकेतील विश्वासार्हता पाहणीत जग्वारने ब्युइकसह पहिले स्थान मिळवले. मग हे यश टाटांचे मानावे काय?

२/५
ही पाहणी तीन वर्षे वापरलेल्या, २००६ सालच्या मॉडेलांची होती. म्हणजेच त्या गाड्या फोर्डच्या अमदानीत घडल्या होत्या.

३/५
परंतु फोर्डचा काळही निर्दोष नव्हता. १९९७ मध्ये आलेल्या एक्सजे८च्या सिलिंडरांना आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा होता. पेट्रोलमधील गंधकामुळे तो झिजे, कॉम्प्रेशन घटे आणि थंड इंजिन सुरू होणे कठीण होई. टायमिंग चेन ताणून धरणारे प्लास्टिकचे टेन्शनरही तडकत. चेन सुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत आणि इंजिन निकामी होई.

४/५
२००० मध्ये मुलाम्याच्या जागी लोखंडी लायनर आले. पुढे टेन्शनरही धातूचे झाले. २००९ च्या निकालामागे अशा दुरुस्त्यांची अनेक वर्षे उभी होती.

५/५
म्हणूनच जुनी जग्वार पारखणारा जाणकार आधी इंजिनाचे साल विचारतो. इतिहासाच्या अभ्यासकानेही निकालाच्या तारखेवर न थांबता घडणीची तारीख शोधावी. मालकी एका दिवसात बदलते. गुणदोष मात्र मागील काळाचे असतात.