पहिली सांडस कोणीं केली ?

लोहाराच्या दुकानांत शिरणाऱ्याची दृष्टि प्रथम भात्याकडे व ऐरणीकडे जाते. सांडशीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. परंतु ती नसेल तर तापलेलें लोखंड भट्टींतून काढणार कसें आणि ऐरणीवर फिरविणार कसें ? या साध्या हत्याराविषयीं प्राचीनांनीं एक मार्मिक प्रश्न उपस्थित केला होता. त्याचा येथें थोडा विचार करूं.

सांडस घडवावयाची म्हणजे तापलेलें लोखंड सांडशींतच धरलें पाहिजे. मग पहिली सांडस कशांत धरून घडविली ? इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथांत, सृष्टीच्या सहाव्या दिवशीं संधिप्रकाशांत ईश्वरानें ज्या अद्भुत वस्तु निर्मिल्या त्यांत, कित्येकांच्या मतें, पहिल्या सांडशीचीही गणना आहे. पुढें तालमुदांत या मतावर असा आक्षेप निघाला कीं, ठोकून घडवितां आली नाहीं तरी सांडस साच्यांत ओततां येईल. मग ती मनुष्यकृतच कां मानूं नये? सतराव्या शतकांत स्पिनोझा यानें हातोड्याविषयीं हेंच कोडें मांडलें. हातोड्यावांचून हातोडा होत नाहीं, म्हणून मनुष्याला लोखंड घडवितांच येणार नाहीं, हा युक्तिवाद त्याला हास्यास्पद वाटला. निसर्गदत्त साधनांनीं मनुष्यानें आधीं ओबडधोबड वस्तु केल्या व त्यांच्या साहाय्यानें अधिक चांगल्या, असें त्याचें उत्तर आहे.

इतिहासाचा कौल याच बाजूस पडतो. इ. स. पूर्वीं पंधराव्या शतकांतील रेखमिरे या मिसरी प्रधानाच्या थीब्ज येथील थडग्यांत धातुकामाचीं चित्रें आहेत. तेथें दोन कामकरी वितळलेल्या धातूची मूस दोन लवचिक काठ्यांमध्यें दाबून उचलतांना दिसतात. या काठ्यांसच सांडशीच्या पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं.

आमच्याकडे सांडस हा शब्दच संस्कृत 'संदंश' यापासून आला. त्यांत चावा घेण्याची कल्पना आहे. सुश्रुतानें शस्त्रवैद्याच्या यंत्रांत संदंश दोन सांगितले आहेत, एक खिळीचा व एक बिनखिळीचा, आणि त्यांची लांबी सोळा अंगुळें. त्यांखेरीज अठरा अंगुळांचीं चोवीस स्वस्तिकयंत्रें आहेत. त्यांचे दोन्ही भाग मसुरीएवढ्या डोक्याच्या खिळ्यानें जोडलेले, व तोंडें सिंह, व्याघ्र, कावळा, बगळा इत्यादिकांच्या मुखांसारखीं. जसें शल्य तसें तोंड, हा त्यांतील विवेक आहे.

लोहाराचाही विवेक हाच. चपट्या पट्टीस सपाट तोंडाची सांडस, गोल सळईस पन्हळीदार तोंडाची, आणि डोकें असलेल्या खिळ्यास तोंडामागें पोकळी ठेवलेली. एकाच सांडशीनें सर्व कामें करूं गेल्यास लोखंड निसटतें, आणि लाल लोखंड निसटणें म्हणजे हातपाय भाजून घेणें होय. दांडे लांब व तोंड आंखूड ठेवल्यानें पकड वाढते. खिळ्यापासून दांडा अठरा इंच व तोंड तीन इंच असल्यास मुठीचा जोर सहापट होतो. दांड्यांवर कडी सरकविली कीं हातही मोकळा राहतो. सांडस मऊ लोखंडाची करतात, कडक पोलादाची नव्हे. कारण ती वारंवार तापते व पाण्यांत बुडते, आणि तशा वागणुकीनें पोलाद ठिसूळ होऊन ऐन घावाखालीं मोडावयाचें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्लिनीनें या शोधाचें श्रेय सायप्रसच्या सिनिरास या एकट्यास दिलें. कोणी तें ईश्वरास दिलें. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे: काठीनें मूस उचलणारा निनावी कामकरी दोन्हींतून वगळला जातो. आम्ही पुस्तकी विद्येचे लोक हाच अन्याय नित्य करीत असतों. इतकेंच नव्हे, तर निर्दोष साधन हातीं येईपर्यंत कार्यास आरंभच नको, असें विद्यार्थ्यांस नकळत शिकवितों. अशा वेळीं लोहाराच्या दुकानांतील ती काळवंडलेली सांडस आठवावी. तिच्या पाठीमागें अनेक वेड्यावांकड्या सांडशा आहेत, आणि त्यांच्याही मागें दोन काठ्या.