एका महिन्याची मुदत: गोवा, पुदुच्चेरी आणि नागरिकत्वाचा दाखला

"मी भारताचा नागरिक आहे, तसा दाखला द्या," असा अर्ज कोण करू शकतं? जन्मानं नागरिक असलेल्या बहुतेकांकडे असा वेगळा दाखला नसतोच. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं १३वं कलम सांगतं, की ज्याच्या नागरिकत्वाबद्दल शंका आहे, त्याला केंद्र सरकार तसं प्रमाणपत्र देऊ शकतं. पण अशी शंका येते कुठून? कधीकधी माणूस जागचा हलत नाही, राज्यच बदलतं.

१९ डिसेंबर १९६१ला गोव्यातली पोर्तुगीज राजवट संपली. मग तिथली माणसं कोणत्या देशाची? याच कायद्याच्या ७व्या कलमानुसार, नवा प्रदेश भारतात आला की तिथले कोण नागरिक, हे केंद्र सरकार ठरवतं. २८ मार्च १९६२चा आदेश निघाला: २० डिसेंबर १९६१पूर्वी जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणी एक, गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मला, तो भारताचा नागरिक. त्यासाठी अर्ज करायचा नव्हता. ज्याला जुनं नागरिकत्व ठेवायचं होतं, त्यानं मात्र एका महिन्यात तसं लिहून द्यायचं होतं.

फादर मोंतेरो यांनी तसं लिहून दिलं. जन्मभूमीतच ते परदेशी ठरले. राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर तो वाढवून घ्यायला त्यांनी नकार दिला. खटला झाला, शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९मध्ये तिथंही ते हरले.

आता पूर्व किनारा पाहा. पुदुच्चेरी लढाईनं नाही, करारानं आलं. १९५६चा करार १६ ऑगस्ट १९६२ला अमलात आला. तिथं जन्मलेले आणि तिथंच राहणारे फ्रेंच नागरिक भारतीय झाले. फ्रेंच राहायचं असेल, तर लिहून द्यायला सहा महिने मिळाले. ज्यांनी तेव्हा फ्रान्स निवडला, त्यांचे वंशज आजही पुदुच्चेरीत राहून फ्रान्सच्या निवडणुकीत मतदान करतात.

गोव्याची गोष्ट मात्र पुन्हा उलगडली. १९७४च्या करारात पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. १९७५च्या पोर्तुगीज कायद्यानं तिथं जन्मलेल्यांना पोर्तुगीज नागरिकत्व राखण्याची वाट दिली. पुढं मुलं-नातवंडंही आजीआजोबांची जन्मनोंद घेऊन लिस्बनला अर्ज करू लागली. युरोपात नोकरी मिळावी, म्हणून जुन्या नोंदवह्या उघडल्या गेल्या. पण इथं मेख आहे. आपल्या कायद्याचं ९वं कलम सांगतं, की स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की भारताचं संपतं.

म्हणून मंडळी, अर्ज करण्याआधी दोन प्रश्न विचारा: कोणत्या देशाचा कायदा, आणि हातात असलेलं काय सुटणार? आजीची जन्मनोंद एकच असते, पण दोन देश तिचे दोन अर्थ लावतात.