रामटेकचे खासदार, देशाची दिशा आणि आपलं धरण

"दिल्लीत कोणी का बसेना, आपल्याला काय फरक पडतो?" पारावर हे नेहमी ऐकू येतं. मित्रांनो, थोडा इतिहास बघू.

२२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींनी गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन केलं. तेव्हा शेजारच्या रामटेकचे खासदार होते पी. व्ही. नरसिंह राव. १९८४ आणि १९८९, दोनदा ते तिथून निवडून आले. मराठी उत्तम बोलायचे.

जून १९९१ मध्ये तेच पंतप्रधान झाले. आखाती युद्धाने तेल महागलेलं, परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं, सोनं गहाण. रावांनी मनमोहन सिंगांना अर्थमंत्री केलं. जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं, बहुतेक उद्योगांचं लायसन्स राज संपलं. डिसेंबरात आपला जुना दोस्त सोव्हिएत संघ कोसळला. रावांनी जानेवारी १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, आग्नेय आशियाशी व्यापार वाढवायचं धोरण घेतलं. सरकार अल्पमतातलं होतं, तरी!

आता आपलं बघा. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा असलेला प्रकल्प १८ हजार कोटींच्या वर गेला. राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळायला २००९ उजाडलं. तेव्हा पंतप्रधान तेच मनमोहन सिंग. गावं बुडाली, कालव्यांची कामं रेंगाळली.

म्हणजे नेत्याने मनावर घेतलं तर देश सात महिन्यांत वळतो. पाठपुरावा नसला तर शिवारात पाणी यायला पिढी जाते. फरक पडतो, भाऊ. मत मागायला येतील त्यांना कालव्याची तारीख विचारा.