दोनच स्पीकर का?

संगीतासाठी दोन स्पीकरचा स्टिरिओ आणि सिनेमासाठी सराउंड, ही विभागणी आपण गृहीतच धरतो. घरात दोन्ही हवं असेल तर समोरचे डावे-उजवे स्पीकर सामाईक ठेवायचे, गाणी ऐकताना बाकीचे बंद करायचे. पण ही विभागणी आली कुठून?

गंमत बघा, स्टिरिओच्या मुळाशीच सिनेमा आहे. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने 1931 मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. पडद्यावर माणूस दिसतो तिथूनच त्याचा आवाज यावा, हा त्याचा एक हेतू होता. 1933 मध्ये बेल लॅब्जने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद वॉशिंग्टनमध्ये ऐकवला, तोही तीन चॅनेलवर. म्हणजे 'संगीत म्हणजे दोन चॅनेल' असं तेव्हा ठरलेलं नव्हतं.

मग दोन का उरले? एक मोठं कारण तबकडीत आहे. 1958 च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्यांच्या खाचेला भिंती दोन, म्हणून चॅनेलही दोन. सत्तरच्या दशकात चार चॅनेलच्या तबकड्या निघाल्या, पण एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धतींच्या भांडणात त्या मागे पडल्या. सिनेमागृहात मात्र जास्त चॅनेल टिकले आणि 1982 पासून डॉल्बी सराउंडच्या रूपाने घरी आले.

म्हणून संशोधनाचा विषय निवडताना एक सवय लावून घ्या. एखादी विभागणी फारच स्वाभाविक वाटली, तर आधी विचारा: ही माणसाच्या गरजेतून आली, की हाताशी असलेल्या साधनाच्या मर्यादेतून?