जुना मधुमेह आणि लठ्ठपणाची शस्त्रक्रिया : आधीची तयारी

लठ्ठपणा कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी नवी मुंबईतील रुग्णाला एकेकाळी खाडी ओलांडून मुंबई गाठावी लागे. आज वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर या पट्ट्यात मोठी रुग्णालये आहेत. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून मराठी घरांतही तिची चर्चा होऊ लागली. ही चर्चा बहुधा किती किलो कमी झाले, याभोवतीच फिरते. दहा-पंधरा वर्षे मधुमेह असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र किलोंपेक्षा मधुमेहाची वर्षे अधिक बोलकी असतात. त्या वर्षांत शरीराचे किती नुकसान झाले आणि काय शाबूत राहिले, हे शस्त्रक्रियेपूर्वी तपासून घेणे हाच या तयारीचा गाभा होय.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा बराचसा भाग काढून टाकून त्याची अरुंद नळी उरवली जाते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. दोन्हींत आहार घटतो, शिवाय अन्न आतड्यात लवकर पोहोचल्यामुळे इन्सुलिनला चालना देणारी संप्रेरके वाढतात. त्यामुळे वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत साखर खाली येऊ लागते. अमेरिकेतील ग्रीनव्हिल येथील शल्यविशारद वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये हे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा वैद्यकविश्वाला आश्चर्य वाटले होते.

हा परिणाम सर्वांच्या बाबतीत सारखा नसतो आणि सर्वांच्या बाबतीत टिकतही नाही. स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासाचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे पाहावेत. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रुग्णांचा मधुमेह ओसरलेला होता, दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. (त्या काळी तेथे केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया आजच्यापेक्षा बऱ्याच वेगळ्या होत्या, हेही ध्यानात घ्यावे.) अमेरिकेतील १५० रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांनंतर ‘एचबीए१सी’, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक, ६ किंवा त्याखाली राहिलेल्यांचे प्रमाण बायपास गटात २९ टक्के, स्लीव्ह गटात २३ टक्के आणि केवळ औषधे घेणाऱ्या गटात ५ टक्के होते. मधुमेह जितका जुना, तितक्या स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी थकलेल्या असतात. त्या किती उरल्या आहेत याचा अंदाज ‘सी-पेप्टाइड’ या रक्तचाचणीवरून येतो. शंका असल्यास प्रतिपिंडांची चाचणीही करावी लागते. प्रौढ वयात सुरू झालेला मधुमेह प्रत्येक वेळी दुसऱ्या प्रकारचाच असतो असे नाही, आणि पहिल्या प्रकारच्या रुग्णाने शस्त्रक्रियेनंतर इन्सुलिन सोडणे जिवावर बेतू शकते.

‘मधुमेह मुळापासून जाईल’ असे पहिल्याच भेटीत सांगितले गेले, तर जुन्या रुग्णाने सावध व्हावे. इन्सुलिनची मात्रा निम्म्यावर येणे, रक्तदाब आवरला जाणे, मूत्रपिंडांवरील ताण हलका होणे हेही मोठे लाभ आहेत आणि त्यांसाठी शस्त्रक्रिया करणे सयुक्तिक ठरू शकते. अपेक्षा मात्र आधीच स्पष्ट असावी.

शस्त्रक्रियेला पात्र कोण, या प्रश्नाला आपल्याकडे निराळे परिमाण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही ‘बीएमआय’, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन दर्शविणारा निर्देशांक, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणूनच औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या मधुमेहात आशियाई रुग्णांसाठी २७.५ बीएमआयपासून शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१६ मध्ये सुचविले. विम्याचे गणित वेगळे आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय ४० असावा, किंवा अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर आजार असल्यास ३५, तोही अन्य सौम्य उपाय निष्फळ ठरल्यावर. १६५ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीला २७.५ म्हणजे सुमारे ७५ किलो आणि ३५ म्हणजे सुमारे ९५ किलो. या वीस किलोंच्या दरम्यान असलेल्या रुग्णाला वैद्यकीय सल्ला मिळेल, परंतु खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून करावा लागेल. विमा कंपनीचे लेखी उत्तर हाती आल्याशिवाय तारीख ठरवू नये. पूर्वीचे आहार-उपचारांचे कागद, जुने अहवाल जपून ठेवावेत. तेथे त्यांचीच विचारणा होते.

अवयवांच्या तपासणीत डोळ्यांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. वर्षानुवर्षे चढलेली साखर झपाट्याने उतरली, की दृष्टिपटलाचा आधीचा विकार काही रुग्णांत बळावतो. म्हणून बाहुली विस्फारून केलेली तपासणी आणि गरज असल्यास लेझर उपचार आधी उरकावेत. जुन्या मधुमेहात हृदयविकार वेदनेशिवाय दडून असू शकतो, तेव्हा ‘छातीत कधी दुखले नाही’ एवढ्यावर भूलतज्ज्ञाचे समाधान होत नाही. लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडांची स्थिती कळते. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्यांची निद्राचाचणी करून घेतात. श्वास अडखळत असल्यास शस्त्रक्रियेआधीपासूनच रात्री हवेचा दाब देणारे यंत्र वापरावे लागते.

पायांना मुंग्या येणे हे लक्षण थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. ते मधुमेहाचेच म्हणून सोडून दिले जाते. वास्तविक अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ‘ब-१२’ जीवनसत्त्व कमी होते आणि रुग्ण शाकाहारी असेल तर त्यात भरच पडते. शस्त्रक्रियेनंतर ते शोषले जाण्याचे प्रमाण आणखी घटते. ब-१२, ड जीवनसत्त्व व लोह यांची उणीव आधीच भरून काढणे सोपे असते.

साखरेचे नियंत्रण तयारीच्या दोन-तीन महिन्यांत साधावे. जुन्या रुग्णात एचबीए१सी ७ ते ८ दरम्यान आले तरी ते पुरेसे मानले जाते. अगदी सामान्य पातळीचा अट्टाहास करताना साखर धोकादायकरीत्या उतरण्याची भीती असते. शेवटचे सुमारे दोन आठवडे अल्प-उष्मांकाचा आहार देतात. त्यामुळे जठरावर पसरलेले चरबीयुक्त यकृत आकसते आणि दुर्बिणीद्वारे काम करणाऱ्या शल्यविशारदाला जागा मिळते. याच काळात औषधांचा घोळ होतो. आहार निम्मा आणि इन्सुलिन वा ग्लिमेपिराइड पूर्वीइतकेच, असे झाले तर साखर एकदम खाली जाते. मात्रा किती घटवायची हे डॉक्टरांकडून दिवसागणिक लिहून घ्यावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशी शरीरात त्या आम्लता निर्माण करू शकतात आणि तेव्हा साखर जवळपास सामान्य दिसत असल्याने धोका ओळखू येत नाही. २०२० नंतर या गोळ्या स्वस्त झाल्या आणि अनेकांच्या डबीत आल्या. नाव पाठ नसले तरी पाकीट दाखवावे. सेमाग्लुटाइडसारखी आठवड्याची इंजेक्शने जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात, म्हणून शेवटचे इंजेक्शन कधी घेतले हे भूलतज्ज्ञाला न विचारताही सांगावे.

स्वयंपाकघराची तयारी घरच्या सर्वांनी मिळून करायची असते. नंतरचे काही आठवडे ताक, मुगाचे कढण, गाळलेले वरण यांवर काढावे लागतात. पुढे दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असा दंडक आहे. वाटीभर जठरात ती बसवायची तर अंडी, पनीर, मासे, डाळी यांना अग्रक्रम आणि भाताला शेवटची जागा. उपवासाचा साबुदाणा या हिशेबात कुठेच बसत नाही. सावकाश चावून खाण्याचा आणि जेवताना पाणी न पिण्याचा सराव आधीच सुरू करावा. तंबाखू, सिगारेट आणि दात घासण्याची मिश्रीसुद्धा काही आठवडे आधी सुटली पाहिजे. बायपासनंतर जोडावर व्रण होण्याचे तंबाखू हे एक ठळक कारण आहे. गर्भधारणेचा विचार असल्यास ती शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने लांबवावी लागते.

घरी सोडताना मधुमेहाची कोणती औषधे बंद, कोणती निम्म्यावर आणि साखर किती झाल्यास फोन करायचा, हे एका कागदावर लिहून मागावे. पहिल्या आठवड्यांत ग्लुकोमीटरने दिवसातून अनेकदा साखर पाहावी लागते. वारंवार उलट्या होऊ लागल्या तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण थायमिन हे जीवनसत्त्व झपाट्याने संपते आणि त्याची इजा मज्जासंस्थेला होते. रक्ततपासण्या, पूरक जीवनसत्त्वे आणि डोळ्यांची तपासणी यांसाठीच्या भेटी जन्मभर चालू राहतात. रुग्णालय निवडताना ते घरापासून किती अंतरावर आहे, हेही म्हणूनच पाहावे.