उन्हात मुरलेली मदिरा

मद्यावर लेख लिहावयास बसलेल्या सरकारी कारकुनाने आरंभीच एक कबुली देऊन टाकलेली बरी. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील बाविसाव्या नियमाप्रमाणे सरकारी नोकराने सार्वजनिक ठिकाणी मादक पेय घेऊ नये असा दंडक आहे; आणि पैसे देऊन का होईना, पण जेथे लोकांना प्रवेश मिळतो ते प्रत्येक ठिकाण या नियमापुरते सार्वजनिकच होय. उपाहारगृह त्यात येते हे सांगावयास वकील नको. तेव्हा पार्क स्ट्रीटवरील एका जुन्या उपाहारगृहात आमच्या तीन मित्रांनी चार प्रकारची दुर्मिळ द्राक्षमद्ये चाखली, त्या प्रसंगी आमच्यापुढे लिंबाचे सरबत होते. चव त्यांनी घेतली, वास आम्ही घेतला. वास घेण्यास मनाई करणारे कलम निदान आमच्या तरी वाचनात नाही.

यजमान आमचे शाळासोबती, व्यापारी जहाजावर इंजिनियर. या खेपेस ते लिस्बनहून विमानाने परतले. माणशी दोन लिटर मद्य आणण्याची मुभा असते, आणि ही मद्ये अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत मिळतात. चार बाटल्या म्हणजे बरोबर दोन लिटर. इंजिनियर माणसाचा हिशेब चुकत नाही. दुसरे रसायनशास्त्राचे बंगाली प्राध्यापक, आणि तिसरे बँकेतील अधिकारी, मूळचे तासगावचे, घरची द्राक्षबाग असलेले. उपाहारगृहाच्या मालकाने ठरलेला आकार घेऊन बाहेरच्या बाटल्या उघडण्यास संमती दिली आणि आम्ही चौघे भिंतीकडेच्या मेजावर बसलो.

बाटलीवरचे नाव वाचताच तासगावकर हसले. "ही तर आपली मदिरा!" मद्याचे नाव मदीरा, ज्या बेटावर ते होते त्याचेही नाव मदीरा; आपल्या शब्दात आणि त्यांच्या शब्दात ऱ्हस्वदीर्घाचाच काय तो फरक. अमरकोशाने सुरेच्या पर्यायांत दिलेली मदिरा पोर्तुगीजांच्या गलबतातून अटलांटिकमध्ये गेली की काय, असा मोह कोणालाही पडावा. पण तसे नाही. पोर्तुगीज भाषेत मदीरा म्हणजे लाकूड. १४१९ साली झार्कू आणि तेशेइरा हे दोन पोर्तुगीज दर्यावर्दी त्या बेटावर उतरले तेव्हा ते दाट अरण्याने भरलेले होते, म्हणून हे नाव. मूळ लॅटिन शब्द 'मातेरिया', झाडाचा गाभा. आणि तो 'मातेर' या शब्दापासून, म्हणजे आईपासून निघाला असे व्युत्पत्तिकार मानतात. तेव्हा या बेटाचे नाते लावावयाचे तर ते आपल्या 'मद' धातूशी नव्हे, 'मातृ' शब्दाशी लागते. शब्दांच्या घराण्यात तोंडावळ्यावरून सोयरीक जमवू नये, ती अशी अंगाशी येते.

बेट लहान, उभ्या डोंगरांचे. वसाहत झाल्यावर अरण्ये जाळून तोडून उसाची लागवड झाली, मागाहून द्राक्षांची. डोंगराच्या उतरणीवर दगडी बांध घालून केलेली वाफ्यांची पायरी आणि वरच्या पाण्यापासून खाली आणलेले पाट, ही तेथील शेती. कोकणातल्या माणसाला तेथे परके वाटू नये. राजधानी फुंशाल; 'फुंशु' म्हणजे बडीशेप, ती तेथे रानोमाळ उगवे. या फुंशालचा आणि गोव्याचा एक विसरला गेलेला संबंधही येथेच सांगतो. १५३४ मध्ये गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा तो फुंशालच्या आर्चबिशपच्या अधिकाराखाली ठेवला होता. मांडवीच्या काठचा कारभार काही वर्षे तरी कागदोपत्री या बडीशेपेच्या गावाकडे होता. आमच्यासारख्या फायली वाहणाऱ्यांना अशा गोष्टीचे नवल वाटत नाही.

पहिली बाटली सर्सियाल जातीच्या द्राक्षाची, चारांत सर्वांत कमी गोड. प्राध्यापकांनी पेला दिव्यासमोर धरला. रंग जुन्या पितळेचा. एक घोट घेऊन ते म्हणाले, "दुसऱ्या कोणत्याही वाइनमध्ये हा दोष समजून बाटली परत पाठवली असती." त्यांचे म्हणणे खरे होते. द्राक्षमद्याला उष्णता सोसत नाही, हवा सोसत नाही; या दोन्हींनी ते तपकिरी पडते, त्याचा ताजेपणा जातो. मदीराच्या बाबतीत हे दोन्ही अपराध मुद्दाम घडवून आणतात. ही रीत कोणा पंडिताने शोधून काढली नाही. ती आपल्याकडे येणाऱ्या जहाजांच्या तळाशी आपोआप सापडली.

केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदुस्थानाकडे येणारी जहाजे पाण्यासाठी, भाजीपाल्यासाठी फुंशालला थांबत आणि तेथेच मद्याची पिंपे चढवीत. एका पिंपात सुमारे ४१८ लिटर माल मावे. पुढे मद्य टिकावे म्हणून त्यात थोडा द्राक्षांचा अर्क मिसळू लागले. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर ही चाल रुळली. पिंपे जहाजाच्या पोटात रचली जात. फुंशालहून कलकत्त्यास येईतो जहाज दोनदा विषुववृत्त ओलांडी, एकदा अटलांटिकमध्ये आणि एकदा हिंदी महासागरात. परतीच्या वाटेवर पुन्हा दोनदा. महिनेच्या महिने पिंपे तापत, डुलत राहत. न खपलेले पिंप परत बेटावर गेले आणि उघडून पाहिले, तो माल बिघडण्याऐवजी सुधारलेला. मग लोक मुद्दामच पिंपे फेरीला पाठवू लागले. अशा मद्याला पोर्तुगीजांनी 'व्हिन्यु दा रोदा', फेरीचे मद्य, असे नाव दिले. हिंदुस्थानची फेरी करून आलेल्या मालाला लंडनच्या बाजारात चढा भाव येई, आणि अमेरिकेतील रसिक तर ज्या जहाजातून पिंप आले त्या जहाजाच्या नावाने मद्य ओळखीत.

आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: मुरणे. तासगावकरांनी दुसऱ्या पेल्याला, व्हर्देल्योला, तोंड लावले आणि क्षणभर डोळे मिटून म्हणाले, "मोरावळा. आजीने कौलावर उन्हात ठेवलेला." प्राध्यापकांना मोरावळा ठाऊक नव्हता. त्यांना भाजलेला अक्रोड आणि वाळलेली संत्र्याची साल आठवली. दोघांचेही खरे असावे. आम्हांला पेल्यातून येणारा वास काकवीचा वाटला, पण त्यात कोठेतरी चिंचेची धार होती.

आता कलकत्त्याकडे वळू. हल्ली कोलकाता म्हणावयाचे, पण ज्या काळाची ही गोष्ट त्या काळी कलकत्ताच होते. कंपनीच्या नोकरीत सर्वांत खालच्या पायरीवरील तरुणांना 'रायटर' म्हणत. रायटर म्हणजे कारकून. त्यांच्यासाठी टॉमस लायन या माणसाने १७७७ पासून जी इमारत बांधावयास घेतली ती रायटर्स बिल्डिंग. पुढे तीच बंगालच्या सरकारचे सचिवालय झाली आणि २०१३ मध्ये बाडबिस्तरा नवान्नला हलेपर्यंत राहिली. आरंभीच्या काळात या कारकुनांचा पगार वर्षाला पाच पौंड होता. बाकीचे ज्याने त्याने खाजगी व्यापारातून मिळवावे. कारकुनाचे आणि लेखकाचे नाव एकच असावे, याचा आम्हांला उगाच थोडा अभिमान वाटतो. पाच पौंडांचा वाटत नाही.

या मंडळींच्या मेजावर मदीरा असेच. १७८० साली कलकत्त्यात राहणाऱ्या एलायझा फे या बाईने घरी पाठविलेल्या पत्रात आपल्या दुपारच्या जेवणाची यादी दिली आहे. सूप, भाजलेली कोंबडी, करी-भात, मटण पाय, कोकराचे मांस, तांदळाचे पुडिंग, चीज, ताजे लोणी. आणि या सर्वांवर उत्तम मदीरा. हे जेवण दुपारी दोन वाजता, बंगालच्या उकाड्यात! देशी अरकापेक्षा मदीरा प्रकृतीला मानवते अशी त्यांची समजूत होती. मद्य थंड करण्यासाठी 'आबदार' नावाचा स्वतंत्र नोकर असे. सोरा विरघळला की पाणी गार होते, त्या पाण्यात बाटल्या फिरवीत राहणे हे त्याचे काम. १८३३ मध्ये बोस्टनहून बर्फाचे पहिले जहाज कलकत्त्याला लागले तेव्हा या कसबी माणसाची किंमत उतरली. ज्या मद्याने सहा महिने ऊन खाल्ले त्याला शेवटी दोन अंश गार करण्यासाठी एक माणूस दिवसभर राबत होता, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि हे मेज कोणाच्या पैशावर मांडले होते, तेही सांगितले पाहिजे. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. तेथून पुढे सारा वसूल करावयाचा आणि त्यातूनच विलायतेस पाठवावयाचा माल खरेदी करावयाचा, असा व्यवहार सुरू झाला. १७७० च्या दुष्काळात बंगालची सुमारे तिसरा हिस्सा प्रजा गेली असा त्या काळच्याच राज्यकर्त्यांचा अंदाज होता. एलायझाबाईंची यादी त्यानंतर अवघ्या दहा वर्षांची. ती वाचून तोंडाला पाणी सुटते आणि लगेच आटते.

मद्य पिणाऱ्यावर राज्याने नजर ठेवावी ही गोष्ट मात्र आपल्याकडे कंपनीच्या फार आधीची. कौटिल्याने सुराध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला आहे. पानगृहात बसावयास आसने, सुगंध, पाणी असावे असे सांगून तेथे कोण ऐपतीबाहेर खर्च करतो हे टिपण्यासाठी हेरही बसविले आहेत. द्राक्षाच्या मद्याला तो 'मधु' म्हणतो आणि कापिशायन हे त्याचे एक नाव देतो. म्हणजे ते कपिशेकडून, आजच्या अफगाणिस्तानातून येई. शेजारच्या मेजावरचे एक गृहस्थ आमच्या सरबताकडे निरखून पाहत होते, म्हणून हे आठवले.

तिसरी बाटली ब्वालची, चौथी माल्व्हासियाची, सर्वांत गोड. तोवर भेटकी मासा संपून पुडिंग आले होते. कोपऱ्यातला वाद्यवृंद जुनी इंग्रजी गाणी वाजवीत होता आणि त्यामुळे इंजिनियरांना बरेच मोठ्याने बोलावे लागत होते. हल्ली पिंपे समुद्रावर पाठवीत नाहीत, ते म्हणाले. अठराव्या शतकाच्या अखेरीसच बेटावर मद्य तापविण्याच्या खोल्या निघाल्या. आता साधा माल टाक्यांत घालून निदान तीन महिने ४५ ते ५० अंशांवर ठेवतात; चांगला माल माळ्यावर, छपराच्या उन्हाखाली, पिंपांतून वर्षानुवर्षे मुरवितात. आपल्या समुद्राची त्यांनी घरातच नक्कल केली.

पण समुद्रानेही त्यांना सोडलेच. १८५० नंतर लवकरच वेलींवर भुरी पडली. हा शब्द उच्चारताच तासगावकरांचा चमचा थांबला. भुरी काय करते हे त्यांना कर्जखात्यांवरूनही ठाऊक आहे आणि घरच्या बागेवरूनही. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि हिंदुस्थानच्या जहाजांची वाट फुंशालवरून सुटली. १८७२ मध्ये फायलॉक्सेरा आला, मुळांचा रस शोषणारा सूक्ष्म किडा, मूळ अमेरिकेचा. बागा वाळल्या, कित्येक कुटुंबांनी बेट सोडले. उपायही अमेरिकेतूनच मिळाला: तेथील वेलीच्या खुंटावर आपल्या वेलीचे कलम. "आमच्याकडेही खुंट डॉगरीजचाच," तासगावकर म्हणाले, "तोही अमेरिकेचाच की." त्यांच्याकडे कारण निराळे, क्षारांचे आणि पाण्याच्या ताणाचे, पण जमिनीखाली दोन्ही बागांचा आधार एकाच खंडातून आलेला.

दहाच्या सुमारास बाहेर पडलो आणि पूर्वेच्या टोकाकडे चालत गेलो. या रस्त्याला आता मदर तेरेसा सरणी हे नाव आहे. फार पूर्वी बरियल ग्राउंड रोड होते, कारण त्याच्या टोकाशी १७६७ साली उघडलेले युरोपीयांचे दफनस्थान आहे. फाटक बंद होते. भिंतीवरून मनोऱ्यांची टोके दिसत होती. दिवसा आम्ही तेथे अनेकदा गेलो आहोत. सतरा-अठरा वर्षांची पोरे बोटीतून उतरली आणि पहिल्या पावसातच तापाने गेली. ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने तर १६८९ च्या सुमाराच्या मुंबईबद्दल लिहून ठेवले आहे की नव्या माणसाचे आयुष्य तेथे दोन पावसाळ्यांनी मोजीत. ज्या उन्हाने पिंपातला माल सुधारला त्याच उन्हात हे कारकून टिकले नाहीत. पिंपे परत गेली. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका घरच्या असल्याचे १७८६ मध्ये याच शहरात सांगणारे सर विल्यम जोन्स येथेच आहेत. मदिरा आणि मदीरा यांचे नाते लावण्याचा आमचा प्रयत्न ऐकून ते काय म्हणाले असते कोण जाणे.

निरोप घेताना इंजिनियरांनी ब्वालची अर्धीअधिक भरलेली बाटली आमच्या पिशवीत घातली. हे मद्य उघडल्यावरही महिनोन्‌महिने बिघडत नाही. जे बिघडावयाचे ते आधीच बिघडून झालेले असते. आमचे स्वयंपाकघर सार्वजनिक ठिकाण नव्हे, ही गोष्ट आम्ही नियम पुन्हा वाचून पक्की करून घेतली. सौभाग्यवतींनी काही न बोलता बाटली कपाटात मोरावळ्याच्या बरणीशेजारी ठेवली. पुढच्या रविवारी जेवणानंतर दोन चमचे घेऊन पाहिले. प्रथम काकवी, मग चिंच, आणि बऱ्याच वेळाने घशाशी सुकलेल्या लाकडासारखे काहीतरी. सौभाग्यवतींनी बोट बुडवून चाखले आणि म्हणाल्या, "मोरावळाच बरा." बूच घट्ट लावून बाटली जागच्या जागी ठेवली. कपाटामागची भिंत पश्चिमेची आहे, दुपारी हात ठेववत नाही. आणि एप्रिल आता कोठे लागतो आहे.