वस्तीत नळ आला त्याची हकीकत



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी वस्तीचा इतिहास लिहा, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. मी गिरणी कामगार. शाळा अर्ध्यावर सुटली, जे काही वाचलं ते पाळी संपल्यावर वाचनालयात बसून. तेव्हा मला ठाऊक असलेला इतिहासच लिहितो, आणि तो पाण्याचा आहे.

आपल्या घाटकोपरच्या डोंगराजवळून तानसाची पाइपलाइन गेली आहे. तानसाचं पाणी १८९२ साली मुंबईला मिळू लागलं. त्याआधी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. हे दोन्ही तलाव आपल्या साष्टीतले, पाणी मात्र बेटावरच्या शहरासाठी. घाटकोपर तेव्हा मुंबईत नव्हतंच. इथे पुढे घाटकोपर-किरोळ अशी वेगळी नगरपालिका होती. १९५० साली महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत. नळ मात्र ज्याच्याकडे कागद त्याच्याच दारात गेला.

१९७२ च्या दुष्काळात आमचं बिऱ्हाड मराठवाड्यातून इथं आलं. आई पहाटे तीनला उठायची. पाइपलाइनच्या सांध्यातून पाणी झिरपायचं, त्याखाली डबा लावून हंडा भरायला तास लागे. ते आटलं की खालच्या एका चाळीच्या नळावर जायचं. तिथल्या बायांचं सगळं भरून झालं की मग आमचा नंबर. जात कुणी तोंडानं काढली नाही. आमचा हंडा उचलला की नळ राखेने घासला जाई, एवढंच. आई घरी येऊन काही बोलत नसे.

पुढे गिरणीत लागलो तेव्हा जुन्या कामगारांकडून ऐकलं, की एके काळी आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला होता. नळ काय नि धोटा काय, भीती विटाळाचीच.

४ जानेवारी १९७६ रोजी सरकारने झोपड्यांची गणना केली. झोपडीला नंबर पडला, फोटोपास मिळाला. आमच्या आळीतली दोन घरं लग्नाला गावी गेली होती, ती राहिली ती राहिलीच. त्याच वर्षी मे महिन्यात ट्रॉम्बेची जनता कॉलनी पाडून हजारो माणसं चित्ता कॅम्पला नेली, ते ऐकून इथेही कुणाला झोप नव्हती. वडिलांनी पास पत्र्याच्या पेटीत ठेवला. काही वर्षांनी नळाचा अर्ज केला तेव्हा पहिला तोच मागितला. पंधरा घरांचा गट केला, एकाला सेक्रेटरी नेमलं, बिल त्याच्या नावावर. पाइप आम्ही पोरांनी डोक्यावरून वर आणले. पहिल्या दिवशी पाणी पाऊण तास आलं आणि आईने तो नळ रिकाम्या हाताने नुसता धरून पाहिला.

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा आहे. त्याच्या कलम ६१ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत, त्यात पाणीपुरवठा आहे. पण कलम असणं वेगळं आणि पाणी मिळणं वेगळं. महाडचंच बघा. १९२३ साली बोले यांचा ठराव कायदेमंडळात पास झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तिथं जाऊन ओंजळ भरावी लागली, आणि त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

आपल्याकडे ठरावाच्या जागी तारीख आली. १९७६ ची तारीख सरकत सरकत १ जानेवारी १९९५ वर आली, आणि १९९६ च्या सरकारी परिपत्रकाने त्यानंतरच्या झोपडीला पालिकेचं पाणी बंद झालं. घरासाठी तारीख पुढे २००० पर्यंत गेली. पाणी हक्क समिती कोर्टात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितलं, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा म्हणून पाणी नाकारता येणार नाही. मात्र पाणी दिलं म्हणून झोपडी कायदेशीर होत नाही, हेही त्यात आलं. १ मे २०२२ पासून पालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण सुरू झालं.

आता वरच्या आळीबद्दल. ती घरं नंतरची आहेत. तिथल्या बाया आपल्या नळावर येतात, आपलं भरून झाल्यावर. त्यांचा वेगळा गट करायचा विषय निघाला तेव्हा काही जण म्हणाले, आपल्या पाण्याचा दाब कमी होईल. लपवत नाही, मीही तेच बोललो होतो. घरी आल्यावर माळ्यावरचा आईचा हंडा दिसला आणि रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी मीच अर्जाचा मसुदा लिहायला घेतला.

त्या पंधरा घरांची यादी विहाराच्या कपाटात ठेवली आहे. चार घरांचे राहत्या जागेचे पुरावे अजून यायचे आहेत. त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर झेरॉक्स घेऊन यावं. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नये, माझ्याही नाही.